ताई, तुम्ही सांगितलं तसंच आहे

६ जानेवारी, सोमवार

सुटले बाई एकदाची त्या कॉल सेंटरमधून! नवी नोकरी, म्हणून नवी वही. ऑफिस मरोळला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर. शेजारच्या गाळ्यात मसाला कुटतात, त्यामुळे जिन्यातच शिंका सुरू होतात. पण आत शिरलं की एसी, फिरती खुर्ची आणि मागायच्या आत चहा. झकास! मालक सुबोध सर. तोंडभर हसतात, सगळ्यांना अरेतुरे करतात. इथून कारागीर माणसं परदेशी जातात, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फ्रिज दुरुस्त करणारे. देशाचं नाव कोणी घेत नाही, नुसतं 'तिकडे' म्हणतात. माझं काम काय, तर बोलायचं. घाटकोपरला घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, बोलायचा पगार मिळणार असेल तर वर्षभरात मालकीण होशील तू. टोमणा होता, पण खूश होती.

१५ जानेवारी, बुधवार

आज काम नीट कळलं. तिकडचं सरकार अर्जदाराला गुण देतं. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव, सगळ्याचे वेगवेगळे. बहुतेक जण थोडक्यात अडकतात. पण तिकडच्या कंपनीची नोकरीची ऑफर जोडली की वरचे गुण पदरात पडतात आणि अडलेला अर्ज सुटतो. ऑफर सर आणून देतात. पुढे मुलाखतीत अधिकारी खोदून विचारतो, कंपनी कशी आहे, साहेब कोण, तू कुठे बसणार. मागच्या खेपेला एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने भलतंच, आणि सगळ्यांची वाट लागली. म्हणून आता तालीम. मी कंपनी डोळ्यांसमोर उभी करायची आणि सगळ्यांनी तेच पाठ करायचं.

मी सरांना विचारलं, ऑफिसचे फोटो आहेत का? म्हणाले, फोटो कशाला, तू आहेस ना.

मग काय, सुटलेच मी. हिरवा गालिचा घातला. पार्किंगमधून थेट वर आणणारी लिफ्ट दिली. कॉफीचं मशीन, शेजारी प्लास्टिकच्या झाडाची कुंडी. साहेबांचं नाव ठेवलं लँग. कधी आवाज चढवत नाहीत, कामगाराच्या पाठीमागे शांत उभे राहून बघतात. हे आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांवरून उचललं. समोरची माणसं जीव कानात आणून ऐकत होती. आपल्याला हे इतकं छान जमतं, हे आजवर कोणी सांगितलंच नव्हतं मला.

३० जानेवारी, गुरुवार

नवीन अर्जदार आला, सम्यक. चारकोपला कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्रेसर दुरुस्त करतो. हातात कसब आहे म्हणे, पण इंग्रजीत गुण कमी पडले. ऑफर मिळाली तरच गाडी पुढे सरकणार. बरोबर त्याची आई, कमलमावशी. नवरा लवकर गेला, जालन्याहून इथे येऊन एकटीने पोराला वाढवलं. ती पण तालमीला बसते आणि पोराबरोबर ओठ हलवत पाठ करते. आज माझ्यासाठी ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तर मायलेक दोघं खदाखदा हसत सुटले.

निघताना मावशी म्हणाली, पोरी, तू स्वतः बघून आलीस म्हणून धीर येतो. मी हो म्हटलं. गोव्याच्या पुढे मी कधी गेले नाहीये, हे काही बोलले नाही.

१९ मार्च, बुधवार

काल उगाच ऑफरवरच्या नंबरला फोन लावून बघितला. सरांच्या टेबलाच्या खणात रिंग वाजली.

कंपनीच नाही. लँग नाहीत ते मला माहीतच होतं, पण मला वाटायचं निदान कंपनी तरी असेल, कसलीही का असेना. सर जराही गडबडले नाहीत. म्हणाले, ऑफर खोटी असली तरी पोरगा खरा आहे ना? तिकडे उतरला की शोधेल काहीतरी. तो ऑफिस शोधायला जाईल, सापडणार नाही, मग तुला फोन करेल. तू फक्त वाईट वाटल्यासारखं सांगायचं की जागा भरली.

सम्यकला यातलं काहीच ठाऊक नाही. मी तिथल्या तिथे नोकरी सोडायला हवी होती. घरी येऊन आईशी उगाच भांडले. आज सकाळी पुन्हा गेले आणि त्याची तालीम घेतली. लोक माझं ऐकतात ते मला आवडतं, झालं! दुसरं काही कारण नाही. लाज वाटते लिहायला.

२५ जून, बुधवार

सम्यकचा व्हिसा आला. मुलाखतीत त्याने लिफ्टपासून कुंडीपर्यंत घडाघडा सांगितलं म्हणे. मावशी पेढे घेऊन आली आणि भर ऑफिसात माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला दंडाला धरून उठवलं. पेढा चहाबरोबर कसाबसा ढकलला.

११ ऑगस्ट, सोमवार

सम्यक गेल्या आठवड्यात गेला. दुपारी त्याचा फोन. जागा भरली रे, सॉरी, हे वाक्य मी तोंडात तयार ठेवलं होतं.

तो मला बोलूच देईना. इतका खूश! ताई, तुम्ही सांगितलं तसंच आहे सगळं. पार्किंगमधून लिफ्टने थेट वर आलो. गालिचा हिरवाच. लँग साहेबांनी नावाने हाक मारली.

मी म्हटलं, माझी फिरकी घेतोस का? तर त्याने फोन कॉफीच्या मशीनजवळ धरला. फुस्स असा वाफेचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

सर हसले. म्हणाले, पोराला चढलीय, सोडून दे.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज पुन्हा. तिकडे आत्ता पहाट असायला हवी, तरी त्याची शिफ्ट चालू. म्हणतो, आपली बाकीची माणसंही इथेच भेटली, तालमीतला तो वेल्डर निलेशसुद्धा. कोणी घरी जात नाही. साहेब मागे उभे आहेत. कायम मागेच उभे असतात.

शिफ्ट कधी सुटते, मी विचारलं. म्हणाला, ते तुम्ही कुठे सांगितलं होतं?

मी म्हटलं, ऊठ, बाहेर जा आधी. तो म्हणाला, कुठून, ताई? लिफ्ट फक्त वर येते. दार नाही. खिडकी पण नाही.

नाहीच. मी ठेवलीच नव्हती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मावशी आली. सम्यक तिला फोन करत नाही आणि तिचा त्याला लागत नाही. मजेत आहे, काम जास्त आहे, असं मी सांगितलं. तिने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. आणि मी जेवले. तिच्या समोर बसून जेवले. नीच बाई आहे मी, दुसरा शब्द नाही.

सरांना सांगायला गेले. केबिन बंद. ते गोव्याला गेलेत म्हणे. फोन बंद.

१८ ऑगस्ट, सोमवार

सुचलं. सांगितलं म्हणून तयार झालं ना? मग अजून सांगायचं.

फोनवर म्हटलं, तुझ्या डाव्या हाताला खिडकी आहे. तो रडायलाच लागला. आहे ताई, खिडकी आहे, बाहेर बर्फासारखं पांढरं दिसतंय. मी वेड्यासारखी भराभर बोलत सुटले. दार दिलं. जिना दिला. रस्ता दिला, दिव्यांचे खांब दिले. तो चालत राहिला.

मग थांबला. म्हणाला, पुढे काही नाहीये. पांढरं. नुसतं पांढरं.

मला तिकडचा रस्ता काय माहीत! मला मरोळ माहीत, घाटकोपर माहीत. तो तिथेच उभा आहे. थंडी वाजतेय म्हणाला. मागे वळून बघायची भीती वाटते म्हणाला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मावशीला सगळं सांगितलं. ऑफर खोटी. कंपनी खोटी. मी खोटी. वाटलं, थोबाडीत देईल. द्यायला हवी होती. ती पदर मुठीत आवळून बसली आणि एवढंच म्हणाली, आत्ता कुठं उभाय तो?

मग तीच सांगायला लागली. घरचा रस्ता. चारकोपची बैठी खोली. निळं दार. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. स्टीलची मांडणी. सम्यकची लोखंडी कॉट. ती सांगेल तसं मी फोनवर सांगत गेले. पांढऱ्यातून वाट फुटली, तो चालला— लँग मागेच राहिले— दार ढकलल्याचा आवाज आला. ताई, घर! घर आलं!

मावशी चपला हातात घेऊन धावत सुटली.

२० ऑगस्ट, बुधवार

मावशी सकाळीच आली. म्हणाली, घरी कोणी नाही. नुसती चौकट, निळं दार नाही. तसबीर नाही. मांडणी नाही, कॉट नाही. कुलूप फोडलेलं नाही. झाडू जागेवर, फुटकी बादली जागेवर, कॅलेंडर जागेवर. आम्ही जे सांगितलं तेवढंच गेलं.

तेवढ्यात त्याचा फोन. स्पीकरवर टाकला. घर अगदी तसंच आहे, म्हणाला. भिंतीला हात लावून बघितला. पण ताई, आई कुठंय?

मावशीला माझ्या आधी कळलं. माझ्याकडे बघून म्हणाली, मग आता घर सांगितलंस तशी मलाही सांग.

२१ ऑगस्ट, गुरुवार

नाही म्हटलं. हात जोडले. ती समोरच्या खुर्चीतून हलत नाही. तो दर थोड्या वेळाने फोन करतो, त्या घरात हाका मारत फिरतो— आई, आई—

ती म्हणाली, त्याला पाठवताना नाही विचार केलास. आता मला पाठव. आवाज चढवला नाही. एकदाही नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दुपार. तोंडाने सांगायला जीभ वळेना. म्हणून इथे लिहिते आणि इथूनच फोनवर वाचते. वर बघायचं नाही. वर बघितलं तर हात थांबेल.

ठेंगणी. सावळी. वाचलं.

केस पिकलेले, मागे अंबाडा. वाचलं. समोर बांगड्या वाजल्या.

काचेच्या साध्या बांगड्या. वाचलं. आता वाजत नाहीत.

मनगटावर तव्याचा चटका बसल्याचा डाग. गालाला खळी, हसली की. वाचलं.

आवाज जरा घोगरा. पोराला लाडाने समू म्हणते.

— फोनमध्ये! फोनमध्ये म्हणाली ती, समू! तो रडतोय. हसतोय. दोघं. मांडणीतल्या भांड्यांचा आवाज येतोय. भाकरी टाकते म्हणाली. जमलं. देवा, जमलं मला.

फोन कट.

समोरची खुर्ची करकरली.

वर बघत नाहीये. सगळं सांगितलं ना मी? हात, केस, आवाज, माया— सगळं—

राग नाही सांगितला. माझ्यावरचा. तो तिने दाखवलाच नव्हता, मग मी कुठून—

तो इथेच राहिलाय. खुर्ची मागे सरकली. टेबलाला वळसा घालून, माझ्या पाठी येऊन शांत उभा—