पोटावरचा पंप

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पार्लर लवकर बंद करून लिहायला बसलेय.

हॉस्पिटलमध्ये तू माझे हाल बघितलेस. किडनीची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड सुरू केलं आणि साखर चारशेच्या वर गेली. घशाला कोरड, आणि चिडचिड इतकी, की तू आणलेली फुलंसुद्धा मी परत पाठवली. सुया टोचूनही साखर आवरेना. सकाळी बरी असायची, दुपारनंतर उसळायची. मग नर्सताईंनी पोटावर काडेपेटीएवढा इन्सुलिनचा पंप चिकटवला आणि दंडावर साखर मोजणारा सेन्सर. स्टेरॉइडची गोळी सकाळची, म्हणून पंप दुपारी जास्त इन्सुलिन सोडतो, रात्री हात आखडता घेतो. मी त्याला 'जावईबापू' म्हणते. सरबराई करा, वर रुसवेही सोसा!

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. सूज उतरली म्हणून डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, पण पंपावरचे इन्सुलिनचे आकडे तसेच राहिले. एका निवृत्त शिक्षिकेचे केस कापत होते. अर्धं डोकं झालं आणि सेन्सर कोकलायला लागला. साखर घसरत होती, हात थरथरत होते. कात्री ठेवली, पंप थांबवला, ज्यूस प्यायले आणि नर्सताईंना फोन लावला. त्यांनी नवे आकडे सांगितले. बाई आरशात बघून म्हणाल्या, "सावकाश होऊ दे गं, मी काय लग्नाला उभी आहे?" घाबरले होते रे, खूप. पण हात स्थिर झाल्यावर उरलेलं डोकं नीट कापलं. आता किडनी सावरलीय, गोळीही अगदी थोडी उरलीय.

हे सगळं आजच लिहायचं कारण म्हणजे तुझी बायको. दुपारपासून ती माझ्यासमोर बसलीय, रडून डोळे सुजलेत. तुझ्या डोळ्याला आतून सूज आहे, स्टेरॉइड घेतलं नाही तर नजर जाईल असं डॉक्टर म्हणाले, आणि तू माझं उदाहरण देऊन नाही म्हणालास. एका डोळ्याने अंधुक दिसतंय म्हणे, म्हणून अक्षर मोठं काढलंय. क्रेन चालवतोस तू! माझ्या आजारपणाच्या नावावर तुला डोळा घालवू देणार नाही. साखर वाढेलच असं नाही. वाढली तर मोजू, पंप लागला तर लावू, शिकवायला मी आहे. पत्र तिच्याच हाती देतेय. डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेतलीय. मी न्यायला येतेय, तयार राहा.

तुझीच, तुझं काही एक न ऐकणारी,
ताई