मोहाच्या झाडापर्यंतची वाट

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि तू गेलीस त्यालाही आता एक आयुष्य झालं, तरी हा कागद तुझ्यासाठीच घेतला आहे. डॉक्टर म्हणाले, रोज हातानं काहीतरी लिहीत जा, डोकं चालतं राहतं. काय लिहू म्हटलं तर म्हणाले, काहीही. डॉक्टर तसा पोरगाच आहे, पण चांगला. चाला, चार माणसांशी बोला, काहीतरी नवं शिका, असं त्यानं पुष्कळ सांगितलं. मला हसू आलं. हे सगळं तू चुलीपुढे बसून फुकटात शिकवलं होतंस. तरी मी त्याचंही ऐकते. शेजारची सिरोंच्याची बाई मला तेलुगू शिकवते आणि माझ्या उच्चारांवर पोट धरून हसते.

ऐंशीच्या दशकातलं आपलं घर आठवतं, मुलचेऱ्याच्या अलीकडचं, जंगलाला पाठ लावून उभं असलेलं. मी गावच्या शाळेवर नुकती लागले होते. मोहफुलं पडायचे दिवस आहेत. झाडाखालचा पाला जाळून आपण जागा साफ केली आहे, उजाडता उजाडता टोपली घेऊन जायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. संध्याकाळी तू भात शिजत टाकतेस आणि विचारतेस, "सांग, घरून मोहापर्यंत काय काय लागते?" मी सांगते: चिंचेखालची विहीर, बोडीची म्हणजे तळ्याची पाळ, मोठं वारूळ, येनाची जुळी झाडं, नाल्याचा उतार आणि मग आपला मोह. तुझं समाधान होत नाही. "हे तं ढोरालेबी पाठ रायते. आज नवं काय दिसलं ते सांग." मग मी आठवू लागते. मोडलेली फांदी, कुणाच्या तरी पायातून पडलेली चप्पल, वारुळाला फुटलेलं नवं तोंड. नवं सांगता आलं नाही तर तू ताट वाढायची नाहीस. मला राग यायचा. मास्तरीण झाले तरी माझी परीक्षा संपत नव्हती.

"डोक्स असंच ठेवलं तं बुरशी धरते, बाई," तू म्हणायचीस.

तुझी पाळी आली की तूही नवं सांगायचीस, आणि माझ्यापेक्षा सरस. एका संध्याकाळी तू म्हणालीस, नाल्यात अस्वल आलं होतं, ओल्या वाळूत पाय दिसले. मोहाच्या दिवसांत अस्वल येणारच, म्हणून आम्ही डबे वाजवत गेलो. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा अस्वलच सांगितलंस. तिसऱ्या दिवशीही तेच, तेच शब्द, तीच ओली वाळू. आजूबाजूच्या बायांनी नाल्याकडे जाणं सोडलं. शेवटी मी एकटी जाऊन पाहिलं. नाला कधीचाच आटला होता. वाळू कोरडी होती आणि तिच्यावर फक्त तुझे पाय होते, गेलेले, आलेले, पुन्हा गेलेले. अस्वलाची वाटली नव्हती ती भीती मला तिथे वाटली.

पुढच्या वर्षी आपल्या मागच्या टोल्यातली, त्या लहान वस्तीतली, गोंडाची बाई तुला हात धरून घरी घेऊन आली. तुझी टोपली भरलेली होती. "तुही माय आमच्या मोहाखाली येचून राह्यली होती," ती म्हणाली. कोणाचा मोह कोणता हे आपल्याकडे लेकरालाही माहीत असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. यावरून भांडणं झालेली मी पाहिली होती. मी तुझी टोपली तिच्यापुढे सरकवली. तिनं घेतली नाही. "राहू दे, बाई. तिले सांभाळ," एवढंच बोलून ती निघून गेली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग ती सकाळ. तुझं अंथरूण रिकामं, दार उघडं. गाव शोधायला निघालं. कुठेतरी पाला जळत होता आणि धुरात समोरचं झाड दिसत नव्हतं. दुपारी तू सापडलीस, आपल्या मोहाच्याही कितीतरी पलीकडे, अनवाणी. मी विचारलं, कुठी चालली होतीस? "माह्या मायच्या मोहाकडं," तू म्हणालीस आणि घडाघडा वाट सांगितलीस: शेंदराचा दगड, जळका साग, कोरडी नदी, वडाचं खोड. एकही अडखळ नाही. ती तुझ्या माहेरची वाट होती, मी कधी न पाहिलेली. तुझा हात धरून मी आपली वाट म्हणू लागले, नाल्याचा उतार, जुळे येन, मोठं वारूळ. तू थांबलीस आणि परक्या बाईकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलंस.

"हे कोणाची वाट सांगून राह्यली तू?"

त्या पावसाळ्यात तू गेलीस. तुझ्याइतकं डोकं चालतं ठेवलेलं माणूस मी पाहिलं नाही, माय, म्हणून मला डॉक्टरच्या बोलण्यानं धीर येत नाही. तरी मी सोडलेलं नाही. रोज संध्याकाळी भाजी निवडताना लेकीला वाट सांगते आणि दिवसातलं एक नवं सांगते. तिला वाटतं, आईला जुन्या गोष्टींची हौस आहे.

काल सांगत होते. चिंचेखालची विहीर, बोडीची पाळ, मोठं वारूळ, जळका साग. मी थांबले. लेकीनं भाजीतून मान वर न करता विचारलं, "मग?"

मग कोरडी नदी, म्हटलं, मग वडाचं खोड. ती बरं म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही, आणि हा कागदही ती यायच्या आत चुलीत घालणार आहे. फक्त तुला सांगते, सांगताना तुझ्या माहेरची ती वाट मला डोळ्यांपुढे दिसत होती.