बाटल्यांचं जाकीट

१२ डिसेंबर
पुण्याहून पार्सल! शिवानीनं बापासाठी जाकीट धाडलंय. मोरपंखी रंग, आणि वजन असं की वाटलं रिकामंच खोकं आलं. या वयात हा रंग? आरशात पाहिलं. डावीकडून, उजवीकडून. शोभतो!

१३ डिसेंबर
सकाळी तेच घालून फिरायला गेलो. बायपासला उमादेवी भेटल्या — मुलींच्या शाळेत बाई होत्या, आता घरी एकट्याच. माझ्यासारख्याच. माझी सिद्धम्मा गेल्यापासून मीही एकटाच की. एरवी नुसता नमस्कार. आज थांबल्या. "शरणबसप्पाअण्णा, लई झकास दिसताय!"
उप्पीट करपलं. तरी सगळं खाल्लं.

१५ डिसेंबर
समोरच्या कापडवाल्या शिवकुमारनं बाही चिमटीत धरली. "अण्णा, काय माल हाय ह्यो?" ठोकून दिलं — "फॉरेनचं रेशीम." तोंडातून निघून गेलं! आता परत कसं घ्यायचं?

१७ डिसेंबर
घात झाला. शिवकुमारनं चष्मा लावून कॉलरच्या आतली पट्टी वाचली. इंग्रजीत होती, त्यानं मराठी करून सगळ्या बाजाराला ऐकवली — वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेलं! वर विचारतो, "अण्णा, बाटल्या पाण्याच्या, का ढाब्यामागच्या?"
मी! गळ्यात इष्टलिंग, सोडासुद्धा जपून पिणारा माणूस!
शिवानीला फोन लावला. "पप्पा, बाटल्या धुऊन, वितळवून धागा काढतात." म्हटलं, "वितळवली तरी उष्टी ती उष्टीच!" ती इतकी हसली की फोन जावयानं घेतला. तोही हसतच होता.

१८ डिसेंबर
लोकरीचा स्वेटर घालून गेलो. घामाघूम. उमादेवी — "जाकीट कुठंय?" "धुवायला टाकलंय." खोटं बोललो. तेही शाळेतल्या बाईंशी!

२१ डिसेंबर
फिरायला गेलो न्हाय. कालही न्हाय.

२२ डिसेंबर
बाईच घरी आल्या! डब्यात शेंगाच्या पोळ्या. "तब्येत बरी न्हाय का?" मग सांगूनच टाकलं — रेशीम, पट्टी, ढाबा, सगळं. आधी गंभीरपणे ऐकत होत्या. ढाब्यापाशी आल्यावर फुटल्या. तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी, खुर्ची हलायला लागली. मग म्हणाल्या, "आणा बघू इकडं." जाकीट नाकाशी धरून चांगलं हुंगलं. "दारूचा वास न्हाय. तुमच्या साबणाचा येतोय."
चहा उतू गेला. तसाच उभा राहिलो.
दारात थांबून म्हणाल्या, "तीन दिवस एकटीच चालतेय. रस्ता लई लांब वाटतो हो." आणि शिवानीचा नंबर मागितला. त्यांनाही जाकीट मागवायचं असंल. दिला.

२३ डिसेंबर
जाकीट घालून गेलो. शिवकुमार ओरडला, "ओ बाटलीवाले!" मी ऐटीत हात हलवला.
पण बाई आल्या न्हाईत. दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या. तरी न्हाईत.

२४ डिसेंबर
शिवानीचा फोन. काल उमादेवींनी तिच्याकडं मला मागणी घातली. "पप्पा, मी हो म्हणून बसले! तुम्हाला विचारायचं राहिलंच."
म्हटलं, मग आता विचार.
तिनं विचारलं. मी व्हय म्हटलं.