गाडीच्या तोंडाला कूलरचं गवत

मोती,

दोन रात्री तुझा डोळा लागला नव्हता, म्हणून उठवलं नाही. आईला रेडिएशनच्या शेकासाठी धुळ्याला नेतेय. गाडी शेजारचा झुलाल चालवेल. मिस्त्रीला परत बोलावू नकोस. एसी गरम हवा का फेकत होता ते कळलं. गॅस भरलेलाच आहे, पंखाही चांगला आहे.

पहाटे मी चहा दिला तेव्हा नाना हळूच म्हणाले, "जाळीमा मीच गवत खोसेल शे. कूलरले गवत लागस, गाडीले नको का?"

झुलालनं बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर मूठमूठ गवत दाबून बसवलेलं, त्यावर रस्त्याची धूळ. जाळीला वाराच लागत नव्हता, मग ती निवणार कशी? सगळं उपसलं, वरून बादलीभर पाणी सोडलं, आणि दहा मिनिटांत आत माघातला गारवा.

शेकानं आईची मान भाजली आहे. झळ लागली की ती पदर चावते, नानांना ते बघवत नाही. काल तू "गाडीला हात कुणी लावला?" म्हणून ओरडलास, आणि ते ताटावरून उठले.

मी थकलेय रे. आणखी कुणाची समजूत काढायचं बळ नाही. ते नऊला शेतातून येतील, तूच गोड बोल.

आईला सांगितलं, तर कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "पन्नास वरीसमा मन्हाकरता पहिल्यांदाच काही करं त्यास्नी, तेबी उलटं. कोन्ही बोलू नका त्यास्ले."

अक्का