घट्ट दुधाची मॅकरोनी

१ डिसेंबर, सोमवार
जुलैनंतर आज लिहितोय. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल माफी. कुणाची मागतोय हा प्रश्न आहेच, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. पण चूक ती चूक. कारणं: कॉलेजचं काम, अकरावीची लेण्याद्रीची सहल (पायऱ्या, गुडघे), आळस. प्रामाणिकपणे क्रम लावायचा तर आळस आधी.

लेकीचा, समृद्धीचा, पुण्याहून फोन. तिच्या आईला, म्हणजे वैजयंतीला. सुट्टी वीस तारखेपासून, पण तिथल्या एका ऑफिसात इंटर्नशिपचं विचारलंय. त्या शनिवारी घरी येईल आणि रविवारी ठरवेल. काय ठरवेल, असं मी विचारलं. वैजयंती म्हणाली, सुट्टीत इथं राहायचं की परत जायचं. अहो, तुम्ही तिला नुसतं राहा म्हणा ना. मी म्हणालो, एकोणीस वर्षांच्या मुलीवर असं दडपण आणणं योग्य नाही. ती म्हणाली, बरं. आणि भांडी घासायला गेली.

भांडी मी घासायला हवी होती. हे सुचलं तेव्हा ती पालथी घालून झाली होती.

२ डिसेंबर, मंगळवार
उपाय सापडला. समृद्धीच्या स्टेटसवर मॅकरोनी-चीजचा फोटो. खाली लिहिलंय, कम्फर्ट फूड. जिथं कम्फर्ट, तिथं माणूस राहतो. तर वीस तारखेचं रात्रीचं जेवण मी करणार. राहा म्हणायची वेळच येणार नाही.

संकल्प: तोवर दर रविवारी चीजचा एक पदार्थ, सराव म्हणून.

७ डिसेंबर, रविवार
सराव झाला नाही. आधी पदार्थाचा इतिहास बघणं भाग होतं. मी इतिहास शिकवतो. उगम ठाऊक नसलेली गोष्ट मुलीच्या ताटात वाढणं मला पटत नाही.

मॅकरोनी-चीज म्हणे एका अमेरिकी राष्ट्राध्यक्षानं आणलं. चूक. त्याच्या कितीतरी आधीच्या इंग्रजी पाकपुस्तकांत तशा कृती आहेत. फॉन्ड्यू, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खाणं, स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय पदार्थ झालं ते चीजवाल्यांच्या संघटनेनं जाहिरात केली म्हणून. हे वाचून जरा थकायला झालं.

मग मासवडीकडं वळलो. माझी आई तीळ कुटत होती. तिला विचारलं, मासवडीचा उगम काय? म्हणाली, उगम कसला रं? मासं न्हाई गावलं, बेसन व्हतं. मी म्हणालो, याला पुरावा? म्हणाली, खाऊन बघ की.

पुरावा म्हणून ग्राह्य नाही. चार खाल्ल्या.

१४ डिसेंबर, रविवार
सराव नाही. चेडर चीजसाठी नारायणगाव पालथं घातलं. दुकानदार म्हणाला, सर, चीज म्हंजी चीज, क्यूब घ्या. मंचरला गेलो. तिथंही क्यूब. घेतले. परत येताना एसटीत विचार केला आणि या निष्कर्षाला आलो की चीजपेक्षा दूध महत्त्वाचं.

शेजारच्या भरतला सांगून ठेवलं, शनिवारी दूध घट्टात घट्ट पाहिजे. तो म्हणाला, राव, तुमची पोरगी येणार आन मी पातळ देईन व्हय? त्याची गाय विण्याच्या बेतात आहे. त्या गडबडीतही त्यानं माझं ऐकून घेतलं. माणूस लाखातला.

१९ डिसेंबर, शुक्रवार
भरतची गाय व्याली. कालवड. बरं झालं.
वैजयंतीनं विचारलं, मग उद्याच्या दुधाचं काय? म्हणालो, त्यानं शब्द दिलाय.
सराव नाही. पण मनात कृती पक्की.

२० डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी
समृद्धी आली. वाळली आहे. मागच्या खेपेला आईनं मासवडी दिलेला डबा तिनं परत आणला, आणि आत मोझरेला चीजचं पाकीट. डबा रिकामा आणला नाही म्हणून आई खूश. समृद्धी मला म्हणाली, पप्पा, आज तुम्ही करताय ना, हे घाला. मी समजावून सांगितलं की मोझरेला इटलीचं, आपली कृती इंग्रजी, सरमिसळ नको. पाकीट फ्रीजमध्ये ठेवलं. ती म्हणाली, बरं. तिचं बरं हुबेहूब वैजयंतीसारखं आहे.

इकडं बिबट्या फिरतोय, त्यामुळं अंधारात कुणी बाहेर पडत नाही. भरतची बायको साधना उजेडातच किटली ठेवून गेली. म्हणाली, सर, आधी तुमच्याकडं आणलं, मग पावण्यांकडं देणार. शिक्षकाला अजून एवढा मान आहे.
दूध दाट, पिवळसर. अगदी हवं तसं.

त्याच दिवशी, जेवणानंतर
तटस्थपणे लिहितो.

ओव्हन नसल्यामुळं कुकरची शिट्टी काढली. तळाला पाणी, वर डबा. डब्यात उकडलेली मॅकरोनी, दूध, किसलेले क्यूब, मीठ, मिरपूड. आई डोकावून म्हणाली, खरवसावाणी काय मांडलंयस? मी म्हणालो, ही बेकिंगची पद्धत आहे.

झाकण काढलं तेव्हा सॉस नव्हता. वडी होती. सुरीनं कापावी लागली. कापल्यावर मॅकरोनीची भोकं ओळीनं दिसली.

आईनं तुकडा तोंडात घातला आणि तशीच थांबली. म्हणाली, आरं, ह्यो चीक हाय. व्यालेल्या गाईचं पयलं दूध. लोक मानानं शेजारी देत्यात, त्यात गूळ-इलायची घालत्यात. तू मीठ घातलंस? आन मिरी? मी म्हणालो, घट्ट मागितलं होतं. ती म्हणाली, मंग दिलं की त्यानं. यापरीस घट्ट काय गाय देती व्हय?

समृद्धीला हसून हसून ठसका लागला. मग तिनं एक वडी खाल्ली. दुसरी घेतली, वर गूळ किसून. म्हणाली, पप्पा, हे जगात कुठंच मिळणार नाही. वैजयंतीही हसली. तिला असं हसताना पाहून किती दिवस झाले असतील, आठवेना. शेवटी तिनंच पिठलं टाकलं. शाळेत शिकवून येऊन ती जरा टेकली होती.

निष्कर्ष: पदार्थ फसला, हेतू साधला. सकाळी समृद्धी आपणहून राहते म्हणेल.

२१ डिसेंबर, रविवार
म्हणाली नाही.

चहाच्या वेळी तिनं विचारलं, पप्पा, इंटर्नशिपचं काय करू? मी दोन्ही बाजू मांडल्या. अनुभव, पुढच्या संधी, दगदग, तब्येत. पारडं कुठंही झुकू दिलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, अजून काही? मी म्हणालो, निर्णय तुझा. वैजयंती कप घेऊन आत गेली. माझा अजून प्यायचा होता.

दुपारी नारायणगावच्या स्टँडवर सोडायला गेलो. डबा आईनं पुन्हा भरून दिलाय. पुण्याची गाडी लागली. चढताना समृद्धी म्हणाली, आजी राहा म्हणाली. मम्मी म्हणाली. साधनाकाकूसुद्धा फाटकातून ओरडून म्हणाली. मी म्हणालो, हो का. ती खिडकीत जाऊन बसली. मी खिडकीखाली उभा राहिलो आणि पाण्याची बाटली घेतलीस का, एवढं विचारलं. घेतली होती.

गाडी मंचरच्या पुढं गेली असेल तेव्हा मेसेज लिहिला: राहिली असतीस तर बरं वाटलं असतं. दोनदा वाचला. आता पाठवणं म्हणजे वाटेत दडपण आणणं, आणि उपयोगही नाही. खोडला. त्याऐवजी फॉन्ड्यूची माहिती पाठवली. तिचा अंगठा आला.

मोझरेलाची मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे. तोवर ती येईलच. आपणहून.

भरत संध्याकाळी फाटकात भेटला. चीक कसा झाला, विचारत होता. मी म्हणालो, पोरीनं दोनदा घेतला. हे खरंच आहे. तो म्हणाला, मंग ऱ्हायली का?
मी म्हणालो, काम आहे तिला.

उद्या: भरतची किटली परत देणे. रिकामी नाही.