शिवांगीच्या रायफलचं बॅरल

ती. आईस, ओहायोहून ईशानचा नमस्कार.

फोनवर बाबा मध्येच बोलतात आणि मी भडकतो, म्हणून लिहितोय. मी मजेत आहे, रोज वरणभात करून जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

शिवांगी हजार यार्डांच्या नेमबाजी स्पर्धेसाठी आमच्याच वर्कशॉपमध्ये रायफल बनवून घ्यायला आली. हो, जिच्यामागे कॉलेज सोडून इथे आलो, तीच. हसू नकोस. तिला सगळ्यात वेगवान काडतूस हवं होतं, कारण वेगवान गोळी वाऱ्यानं कमी ढळते. आमचा मालक डेलही म्हणाला, "दे तिला." मी दोघांशी भांडलो! त्या काडतुसात दारू जास्त असते. शिवांगीच्या प्रॅक्टिसमध्येच बॅरल, म्हणजे रायफलची नळी, आतून जळालं असतं आणि फायनलला नेम भरकटला असता. मी जरा सौम्य काडतूस आणि लांबट गोळी निवडली, कारण तीही वाऱ्यानं कमी ढळते, आणि ती सरळ जावी म्हणून तिला पुरेशी फिरकी देणारं बॅरल स्वतः बसवलं.

"हरले तर तोंड दाखवू नकोस," ती म्हणाली.

रविवारी ती जिंकली! खांद्यावर गुद्दा मारून म्हणाली, "यार, एवढं डोकं कॉलेजात का नाही चालवलंस?"

बॅरलवर बनवणाऱ्याचं नाव कोरायची इथे पद्धत आहे. परवा डेलनं शिवांगीच्या बॅरलसाठी कोरणी पहिल्यांदाच माझ्या हातात दिली. जागा एकाच शब्दापुरती होती. मी आपलं आडनाव कोरलं.

बाबांना एवढं तरी वाचून दाखव.

तुझाच,
ईशान