टेकूला दुसरी सही

१२ फेब्रुवारी, सोमवार

सात माणसं! सोसायटी नोंदवायची तर सात माणसं लागतात. पूर्वाला म्हटलं, माझ्या तेराव्याला तरी सात जमतील का शंका आहे. ती हसली नाही. सीए झाल्यापासून तिनं हसणं कमी केलंय. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून रेल्वेची शंटिंग बघायची, आता मला म्हणते, "काका, मुद्द्याचं बोला."

मुद्दा असा, की ना-नफा कंपनी काढायची. कलम आठची. "तिला दोनच माणसं पुरतात. एक तुम्ही. दुसरं कोण ते ठरवून सांगा."

खर्च तिनं पाठकोऱ्या कागदावर लिहून दिला. नाव राखून ठेवायचे हजार, दोघांच्या डिजिटल सह्यांचे साडेतीन हजार, स्टॅम्प-नोटरीचं किरकोळ, आणि तिची फी नऊ हजार – "तुमच्याकडून एवढीच." सोळाच्या आत बसतंय. मला वाटलं होतं लाखभर तरी जातील. पेन्शनीतून सहज निघेल. येताना बर्फी आणली आणि कुणाला द्यायची ते सुचेना, म्हणून मीच खाल्ली.

१३ फेब्रुवारी

स्टेशन रोडवरचा तो जुना दवाखाना बंद होतोय, त्याचे तीस बेड. डोकं-पाय वरखाली होणारे. डॉक्टरांचे जावई काल फोनवर स्पष्टच बोलले – नोंदणी असलेल्या संस्थेलाच देणार, प्रमाणपत्र आणा, टेम्पो आणा, घेऊन जा. एकतीस मार्चला जागा सोडायची आहे, त्यापुढं थांबणार नाहीत.

तीस बेड म्हणजे तीस घरं. माझी बायको विजू गेली, तिचा वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची गेल्या वर्षभरात अकरा घरी जाऊन आली. मिरजेला अर्धा कर्नाटक उपचाराला येतो. ऑपरेशन होतं, पण घरी गेल्यावर माणसाला झोपवायचं कशावर, हे कुणी सांगत नाही. मला माहीत आहे. तीन वर्षं तेच केलं.

आणि माणसं दारात येतात, हेही खरं. खुर्ची न्यायला येतात, परत द्यायला येतात. मधे कुणी येत नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

मगदूम अण्णाकडे गेलो. पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसलो. 'संचालक' हा शब्द ऐकला आणि त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"हेर्लेकर, पतसंस्थेला संचालक झालो होतो ते विसरलास? मीटिंगला जाऊन दोन बिस्किटं खाल्ली आणि कुपवाडचा प्लॉट जप्त झाला."

"अरे, इथं ठेवी नाहीत, कर्जं नाहीत. नफाच काढायचा नाही."

"त्यांनीही सेवाच म्हटली होती."

वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या सहीचं सोडून काय पाहिजे ते मागा." मग त्यांनी शेंगदाण्याचा लाडू दिला. घेतला.

२१ फेब्रुवारी

आणखी तीन नकार. एकजण डोळ्यांचं ऑपरेशन आहे म्हणाला. दुसऱ्याचा मुलगा नको म्हणतो. तिसऱ्यानं फोन उचलून "रेंज नाही" म्हटलं आणि ठेवला. सांगलीत आणि मिरजेत पतसंस्थांनी एवढी घरं पोळलीत की संचालक म्हटलं की माणूस चप्पल शोधायला लागतो. त्यांचंही चुकत नाही. पण मी कुणाकुणाच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या आहेत, ते आज मोजत बसलो. हलकटपणाच, पण मोजलं.

२२ फेब्रुवारी

केदारला विचारलं. पुण्याहून तो दर गुरुवारी आठ वाजता फोन करतो, गाडीत असतो तेव्हा.

"बाबा, माझ्या कंपनीत बाहेर कुठं संचालक होता येत नाही. आणि तुम्ही कशाला हे मागे लावून घेता? फ्लॅट काढा आणि इकडे या." म्हटलं, तिकडे येऊन काय करू? "आराम." आराम म्हणजे काय ते मी इथं रोज बघतोय.

२३ फेब्रुवारी

आज झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. पूर्वाच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. फॉर्म भरत होती. "दुसऱ्या संचालकांचं नाव काय लिहू?" मी म्हटलं, "विजया दत्तात्रय हेर्लेकर." पॅन नंबरसुद्धा सांगितला, पाठ आहे मला. तिनं लिहून घेतला, थँक्यू म्हणाली.

फोन ठेवल्यावर कळलं काय केलं ते. पाच मिनिटांनी उलटा फोन करून म्हटलं, ते नाव खोडा. तिनं कारण विचारलं. म्हटलं, त्या बाहेरगावी असतात.

२६ फेब्रुवारी, सोमवार

शालन कमोडची खुर्ची परत द्यायला आली. विजूची तीन वर्षं हिनंच काढली – अंग पुसणं, कुशीवर वळवणं, भरवणं, सगळं. आता मालगाव रोडला एका आजींकडे जाते. अडलेल्या घरांना माझा पत्ता हीच देते. खुर्ची डेटॉलनं धुऊनच आणली होती.

टेबलावरचा पूर्वाचा कागद तिनं वाचला. "ह्ये काय काढलंय, काका?" सगळं सांगितलं. दुसरं माणूस मिळत नाही, हेही.

"माझी सही चालत न्हाई व्हय?"

मी काहीतरी बोललो. जोखीम असते, संचालक म्हणजे जबाबदारी, लोक घाबरतात. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

"बचत गटात बारा बायकांच्या कर्जाला सही केलीया मी. एक बी बुडाली न्हाई. पॅन कार्ड हाय, बँकेत खातं हाय. तुमच्या दोस्तांस्नी प्लॉट हायत म्हणून भ्या वाटतंय. माझं काय जप्त करत्यात? कुकर?"

दहा दिवस मी माणसं मोजत होतो आणि हिला मोजलंच नव्हतं. हिच्या हातचं खाल्लं, घराची किल्ली हिच्याकडे दिली, विजूला हिच्यावर सोपवून बाजारात गेलो. पण 'आपली माणसं' म्हणून यादी केली, तर तीत सगळे मगदूम आणि कुलकर्णी. लाज वाटली. अजून वाटतेय.

२ मार्च

डिजिटल सहीसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून नाव सांगायचं असतं, हातात पॅन धरून. शालन गटाच्या मीटिंगची साडी नेसून आली होती. "शालन बाबासाहेब कांबळे," असं तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली. माझं तीनदा नापास झालं. कॅमेरा म्हणतो चेहरा नीट दिसत नाही. "काका, जरा दात दावा," ती म्हणाली. चौथ्यांदा जमलं.

कंपनीच्या नावात फाउंडेशन घालायचं ठरलं. 'आधार' गेलेलं, 'सोबत' गेलेलं. शालन म्हणाली, मग टेकू म्हणा. टेकू फाउंडेशन! मिळालं.

१२ मार्च, मंगळवार

अर्ज परत आला. ऑफिसचा पत्ता म्हणून विजेचं बिल जोडलंय, आणि फ्लॅटही विजूच्या नावावर, मीटरही. मालकाची संमती हवी. मालक गेल्याला दीड वर्ष झालं.

पूर्वानं पहिल्यांदाच आवाज चढवला. "काका, अजून नाव बदललं नाहीत? चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस असं करतो का?"

करतो. दर महिन्याला बिल येतं, त्यावर तिचं नाव छापलेलं असतं. ते एकच टपाल आता तिच्या नावानं येतं. पूर्वाला म्हटलं, राहून गेलं.

१३ मार्च

मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, केदारची ना-हरकत. वीज ऑफिसातल्या बाईंनी अर्जावर जुनं नाव खोडून नवं लिहायला सांगितलं. मी नवं लिहिलं. जुनं त्यांनीच खोडलं, पट्टी लावून, सरळ रेघेत.

पूर्वाच्या कागदावर हा खर्च नव्हता.

२० मार्च

केदारचा कागद अजून नाही. "उद्या टाकतो, बाबा." शालन रोज विचारते. दवाखान्याच्या जावयांना फोन केला, एकतीसच्या पुढं आठ दिवस द्या म्हटलं. बघू म्हणाले.

२३ मार्च

कागद आला. सोबत चिठ्ठी – 'फ्लॅटचं एकदा बसून ठरवू.' दुपारी अर्ज पुन्हा गेला.

३० मार्च, शनिवार

प्रमाणपत्र आलं. मोबाइलवरच. खाली दोन नावं – माझं आणि शालनचं. तसाच दवाखान्यावर गेलो, रिक्षानं. फाटक उघडं, आत झाडलेल्या फरशा. वॉचमन म्हणाला, बेड मंगळवारीच गेले. सांगलीच्या कुठल्याशा संस्थेचे दोन टेम्पो आले होते.

कुणाच्या तरी कामी येतील. वाईट वाटायला नको. वाटलं. तिथल्याच पायरीवर बराच वेळ बसलो. मग वॉचमननं पाणी दिलं.

शालनला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "पण कंपनी झाली न्हवं?" म्हटलं, झाली, पण रिकामी. ती म्हणाली, "पावती पुस्तक छापून घ्या. दोघांच्या सहीचं."

४ एप्रिल, गुरुवार

रायबागची एक सून आली. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, आज घरी सोडणार, बेड पाहिजे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर शालन म्हणाली, "हाय की एक. आतल्या खोलीत. चादर तेवढी काढते." तिनं पावती क्रमांक एक फाडली, सही केली आणि पेन माझ्यापुढं धरलं.

विजू गेल्यापासून रोज मी तिच्या त्याच बेडवर झोपतोय. हे इथंसुद्धा कधी लिहिलं नव्हतं.

सही केली. आज अंथरूण खाली घातलंय.